एका ‘डब्ल्यू’ची वंशावळ

इंग्रजी विषय घेऊन पदवी मिळवलेल्यांना नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’मधले बाकी काही आठवो न आठवो, त्याच्या आडनावातल्या ‘डब्ल्यू’ची गोष्ट हमखास आठवते. घराण्याचे मूळ आडनाव हॅथॉर्न. खापरपणजोबा जॉन हॅथॉर्न हा सेलम गावच्या १६९२ सालच्या चेटूक-खटल्यांतला मॅजिस्ट्रेट. त्या नात्याची लाज वाटून तरुण नॅथॅनिएलने आडनावात एक अक्षर घुसवले आणि हॅथॉर्नचा हॉथॉर्न झाला. गोष्ट छान आहे. पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावनांत आणि परीक्षेच्या गाइडांत ती वर्षानुवर्षे सुखाने नांदते आहे. पण ती इतकी नीटनेटकी आहे, की जरा खरवडून पाहावीशी वाटते.

गेली काही वर्षे मी हे एक घराणे पिढी दर पिढी वाचतो आहे. छापून उपलब्ध असलेले खटल्यांचे कागद, जहाजाची रोजनिशी, पत्रे, आणि अर्थातच कथा-कादंबऱ्या. आपल्याकडे भांडणात सात पिढ्यांचा उद्धार करायची पद्धत आहे. इथे मोजून सात पिढ्या कागदोपत्री हाताशी लागतात. पूर्वजाने केलेल्या अन्यायाचे देणे वंशजाकडे येते का, आणि आलेच तर ते त्याने कोणत्या नाण्यात फेडायचे, एवढाच माझा प्रश्न आहे.

पहिला पुरुष विल्यम हॅथॉर्न. जन्म इंग्लंडच्या बर्कशर परगण्यात, १६०६-०७च्या सुमाराचा. १६३०च्या आसपास तो अटलांटिक ओलांडून मॅसॅच्युसेट्सला आला. इंग्लंडच्या चर्चमध्ये अजून रोमचे अवशेष उरले आहेत, ते धुऊन काढले पाहिजेत, असे मानणारा प्युरिटन पंथ तेव्हा पहिल्या चार्ल्स राजाच्या कारकिर्दीत गुदमरत होता. १६२९मध्ये ‘मॅसॅच्युसेट्स बे कंपनी’ला राजाकडून सनद मिळाली आणि पुढच्या दहा वर्षांत सुमारे २०,००० माणसे जहाजांत बसली. ईस्ट इंडिया कंपनी सुरतेत वखार थाटून बसली होती, तोच हा काळ. सनद देण्याची रीत एकच, पण पूर्वेला गेलेले व्यापारी कमाई करून परतण्याच्या इराद्याने गेले आणि पश्चिमेला गेलेले परतायचे नाही असे ठरवून गेले. वसाहत करणे म्हणजे काय, याचा अर्थ या एका फरकात आहे.

विल्यम आधी डॉर्चेस्टरला राहिला. १६३६मध्ये सेलमने जमीन देऊ केली, तेव्हा तो तिथे गेला. सेलम हे नाव नवे होते. ज्यांची ही भूमी, ते तिला नॉमकीग म्हणत. १६१६ ते १६१९ या काळात पसरलेल्या साथीने आणि १६३३च्या देवीने त्यांच्यातली बहुसंख्य माणसे आधीच मेली होती. गोऱ्यांची वस्ती बसली १६२६ला, आणि जमिनीचे खरेदीखत झाले १६८६ला, वीस पौंडांना. साठ वर्षे राहून झाल्यावर खरेदीखताची आठवण होण्याचे कारणही व्यवहारी होते. वसाहतीची सनद रद्द झाली होती आणि राजाचा नवा अधिकारी येऊन जमिनीचे कागद मागेल, ही धास्ती होती. विल्यम तोवर वारला होता. पण ज्या मातीवर त्याने घराणे उभे केले, तिचा सातबारा असा मागाहून लिहिला गेला.

कर्तबगारी पाहावी तर मूळपुरुष म्हणून कोणत्याही कुलवृत्तान्तात शोभावा असा हा माणूस. लष्करात मेजर, वसाहतीच्या प्रतिनिधिगृहाचा सभापती, पुढे मॅजिस्ट्रेट. धाडस तर असे, की १६६६मध्ये दुसऱ्या चार्ल्सने गव्हर्नर बेलिंगहॅमला आणि त्याला जाब देण्यासाठी इंग्लंडला बोलावले, तेव्हा दोघेही गेले नाहीत. वसाहतीने त्यांच्याऐवजी राजाच्या आरमारासाठी जहाजांच्या डोलकाठ्या नजराणा म्हणून पाठवून दिल्या! आपले कुलवृत्तान्त इथे थांबतात. मूळपुरुषाने वतन मिळवले, देऊळ बांधले, अमक्या लढाईत नाव काढले. त्याने कोणाला चाबकाने मारवले, याचा रकाना त्यांत नसतो.

विल्यमच्या बाबतीत तो रकाना भरता येतो. क्वेकर पंथाचे लोक १६५६पासून बोस्टनला येऊ लागले. त्यांना ना पाद्री मान्य, ना अधिकाऱ्यापुढे टोपी काढणे मान्य. धर्मासाठी देश सोडून आलेल्या प्युरिटनांनी त्यांच्यावर काय केले? हद्दपारी, कान कापणे, चाबूक, आणि १६५९ ते १६६१ या काळात बोस्टनमध्ये चौघांना फाशी. त्यांतली एक मेरी डायर ही बाई होती. प्युरिटनांना धर्मस्वातंत्र्य हवे होते हे वाक्य आपण शाळेपासून वाचतो. त्यात ‘स्वतःचे’ हा शब्द घालून वाचावा. मेजर हॅथॉर्नच्या हुकमाने ॲन कोलमन या क्वेकर बाईला कमरेपर्यंत उघडी करून गाडीच्या मागे बांधले गेले आणि गावोगावी फिरवत फटके मारले गेले. या बाईचे नाव लक्षात ठेवावे. दोनशे वर्षांनी ते पुन्हा येणार आहे.

दुसरी पिढी जॉनची. जन्म १६४१. व्यापारी, जमीनदार, वडिलांसारखाच मॅजिस्ट्रेट. १ मार्च १६९२ रोजी जॉन हॅथॉर्न आणि जोनाथन कॉर्विन हे दोघे सेलम व्हिलेजला, म्हणजे आजच्या डॅन्व्हर्सला गेले. तिथल्या पाद्र्याच्या घरातल्या मुलींना झटके येत होते आणि तीन बायकांवर चेटुकाचा आळ आला होता. सारा गुड ही भीक मागून जगणारी, सारा ऑसबर्न ही अंथरुणाला खिळलेली, आणि तिसरी टिटुबा, पाद्र्याची गुलाम. आळ घ्यायला समाज कोणाला निवडतो, ते या तीन नावांवरून कळते.

जॉनला सर्रास ‘फाशी देणारा जज्ज’ म्हटले जाते. माझ्या मते त्याचे खरे काम फाशीच्या आधीचे होते. प्राथमिक चौकशीचे कागद प्रश्नोत्तरांच्या रूपात टिकले आहेत. ते वाचताना अंगावर काटा येतो तो त्यांतल्या सवयीच्या सुरामुळे. तू चेटूक करतेस का, असा प्रश्न जॉन विचारतच नाही. तुझी कोणत्या दुष्ट आत्म्याशी ओळख आहे, इथून तो सुरुवात करतो. बाई नाही म्हणाली, की मग या मुलींना का छळतेस? छळत नाही म्हणाली, की मग त्या कामावर कोणाला नेमलेस? गुन्हा प्रश्नातच गृहीत धरायचा आणि उत्तराला जागाच ठेवायची नाही. शिवाय आरोपी बाई चौकशीत उभी असताना मुलींना झटके येत, आणि तिचे भूत आपल्याला चावते आहे असे त्या ओरडत. ते दुसऱ्या कोणाला दिसत नसे, तरी पुरावा म्हणून धरले जाई.

या पद्धतीतून एक उफराटा न्याय निघाला. कबुली देऊन तिला चिकटून राहिलेल्यांपैकी एकालाही फाशी झाली नाही. मरण आले ते ‘मी हे केलेले नाही’ या शब्दांवर ठाम राहिलेल्यांना. खोटे बोललेली टिटुबा वाचली. सत्तरी ओलांडलेली, गावात मान असलेली रिबेका नर्स खरे बोलून फासावर गेली. चौदा बायका आणि पाच पुरुष मिळून १९ जणांना फाशी झाली. जाइल्स कोरी या म्हाताऱ्याने खटल्याला उभे राहण्याचेच नाकारले, तेव्हा त्याला अंगावर दगड रचून मारले. निदान पाच जण तुरुंगात मेले. सारा गुडची मुलगी डॉरथी तेव्हा चार-पाच वर्षांची होती. तिचीही चौकशी झाली, तिलाही बेड्या पडल्या आणि काही महिने ती कोठडीत राहिली. अठरा वर्षांनी तिच्या बापाने नुकसानभरपाईचा अर्ज केला. या मुलीला तेव्हापासून स्वतःला सांभाळता येत नाही, असे त्यात लिहिले आहे.

हॅथॉर्नचे पुढे काय झाले? त्याच खटल्यांतल्या सॅम्युएल सूअल या न्यायाधीशाने जानेवारी १६९७मध्ये बोस्टनच्या चर्चमध्ये भर सभेत उभे राहून पाद्र्याकडून आपला माफीनामा वाचून घेतला. जॉनने असे काही केल्याची नोंद नाही. १७०२मध्ये त्याला बढती मिळून तो वरिष्ठ न्यायालयात गेला. १७११मध्ये वसाहतीने बळींच्या वारसांना सुमारे ५७८ पौंड भरपाई मंजूर केली, तेव्हाही तो जिवंत होता. १७१७मध्ये तो वारला. सेलमच्या चार्टर स्ट्रीटवरच्या जुन्या दफनभूमीत त्याची स्लेटची शिळा आजही सुस्थितीत आहे. तिला लागूनच १९९२मध्ये बळींचे स्मारक झाले. दगडी भिंतीतून बाहेर आलेली बाके, प्रत्येक बाकावर एकेक नाव आणि मरणाची तारीख. ज्यांना फाशी झाली, त्यांना तेव्हा पवित्र भूमीत पुरूही दिले नव्हते. तीनशे वर्षांनी त्यांची नावे मॅजिस्ट्रेटच्या शेजारी आली.

सारा गुडने फासाखाली उभी असताना पाद्री निकोलस नॉइसला शाप दिला, की देव तुला रक्त प्यायला लावील. लोककथेने पुढे तो शाप हॅथॉर्नच्या दारी नेऊन ठेवला. गंमत अशी, की याच खटल्यांत पळून जाऊन वाचलेला फिलिप इंग्लिश नावाचा धनाढ्य व्यापारी होता. त्याच्या वंशातली एक मुलगी पुढे हॅथॉर्न घराण्यात सून म्हणून आली. नॅथॅनिएलने आपल्या टिपणवहीत हे टिपून ठेवले आहे. आरोपी आणि मॅजिस्ट्रेट यांचे रक्त दोन पिढ्यांत एक झाले, आणि कोणी आक्षेप घेतल्याचे दिसत नाही. लग्नसंबंधांत विस्मरणाची सोय फार मोठी असते.

मधल्या पिढ्या भराभर ओलांडू. तिसरा जोसेफ, शेतकरी. चौथा डॅनिएल, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ‘फेअर अमेरिकन’ जहाजाचा कप्तान, ब्रिटिश जहाजे लुटण्याचा परवाना मिळालेला. त्याच्या शौर्यावर पोवाडाही झाला होता. पाचवा नॅथॅनिएल, हाही दर्यावर्दी, आणि याचा आपल्याशी संबंध आहे. सेलम तेव्हा कोलकात्याच्या कापडावर आणि सुमात्राच्या मिरीवर गब्बर होत होते. १७९५च्या अखेरीस ‘अमेरिका’ नावाचे जहाज कोलकात्याहून निघाले, त्यावर हा अधिकारी होता आणि जहाजाची रोजनिशी लिहीत होता. वाटेत सेंट हेलेना बेटावर घेतलेल्या सामानात कोबी, भोपळे, मासे आणि हत्तीसाठी हिरवा पाला अशी नोंद आहे. कप्तान जेकब क्राउनिनशील्डने ४५० डॉलरला घेतलेले हत्तीचे पिल्लू त्या जहाजावर होते. एप्रिल १७९६मध्ये ते न्यू यॉर्कला उतरले. अमेरिकेच्या भूमीवर पाय ठेवणारा तो पहिला हत्ती. या नोंदी करणारा खलाशी १८०८मध्ये सुरिनाममध्ये पीतज्वराने गेला. मागे विधवा आणि तीन मुले. मधला मुलगा चार वर्षांचा, बापाच्याच नावाचा. घर खालावले आणि आईला मुलांना घेऊन माहेरी जावे लागले.

हा सहावा. कॉलेज करून १८२५मध्ये सेलमला परतल्यावर त्याने बारा वर्षे जवळजवळ एका खोलीत काढली. मावशीच्या वर्गणीवर ‘सेलम अथेनिअम’ या ग्रंथालयातून पुस्तके आणायची आणि वाचायची. त्यांत वसाहतीचे जुने इतिहास होते, क्वेकरांच्या छळाच्या बखरी होत्या. आपल्या घराण्याची हकिकत त्याला आजीच्या मांडीवर मिळाली नाही. ती ग्रंथालयातून घरपोच आली. याच वर्षांत कधीतरी त्याने ‘डब्ल्यू’ जोडला. का जोडला, हे त्याने कोठेही लिहिलेले नाही. सतराव्या शतकात आडनावांची वर्तनी पक्की नसे, एकच कारकून एकाच कागदावर एकच नाव दोन प्रकारे लिही. तेव्हा जुन्या वळणाकडे परतणे म्हणूनही हे अक्षर आले असेल.

लाजेच्या गोष्टीविरुद्ध माझा खरा आधार मात्र वेगळा आहे. १८४९मध्ये, त्याच्या मेव्हणीने संपादित केलेल्या एका संकलनात, त्याची ‘मेन-स्ट्रीट’ ही कथा आली. सेलमच्या हमरस्त्याचा इतिहास एक खेळवाला चित्रांच्या पटावर दाखवतो, अशी तिची रचना. त्या पटावर ॲन कोलमन येते. गाडीला बांधलेली, पाठीवर गाठींचा चाबूक. दहा फटके सेलममध्ये, दहा बोस्टनमध्ये, दहा डेडममध्ये. फटके मारणारा शिपाई ज्या हुकमाची अंमलबजावणी मन लावून करतो आहे, त्यावर मेजरचे नाव आहे, आणि लेखकाने ते आपल्या ‘डब्ल्यू’सह लिहिले आहे. ते अक्षर मूळपुरुषापासून सुटका करून घेण्यासाठी असते, तर त्याच्या सर्वांत लाजिरवाण्या कृत्याच्या जागी त्याने जुनी वर्तनी वापरून अंतर राखले असते. त्याने उलट केले. चाबकाच्या हुकमावर स्वतःची सही उमटवली.

पुढच्याच वर्षी, १६ मार्च १८५०ला ‘द स्कार्लेट लेटर’ प्रसिद्ध झाली. सेलमच्या कस्टम-हाउसमधली १,२०० डॉलर पगाराची नोकरी सत्तांतरात गेली होती, जुलैमध्ये आईही गेली होती. पोटासाठी लिहिलेल्या या कादंबरीच्या पहिल्या २,५०० प्रती दहा दिवसांत संपल्या. तिच्या ‘द कस्टम-हाउस’ या प्रस्तावनेत तो दोन्ही पूर्वजांना समोर उभे करतो. त्यांनी पश्चात्ताप केला की नाही हे मला ठाऊक नाही, म्हणतो. त्यांचा प्रतिनिधी म्हणून ती शरम मी माझ्यावर घेतो आणि शाप असलाच तर तो इथे सुटो, अशी प्रार्थना करतो. लगेच पुढे, हा गोष्टी लिहिणारा कुलदीपक पाहून त्या दोघांना काय वाटले असते, याची त्याने केलेली थट्टाही वाचण्यासारखी आहे. आपल्या घराण्यात लेखक निपजला, यापेक्षा मोठी शिक्षा त्या प्युरिटनांना काय होणार!

हा माफीनामा साहित्यात गाजला, आणि गाजावा असाच आहे. तरी मला त्याचा उंबरठाही दिसतो. इथे तो दोघांपैकी कोणाचेही नाव घेत नाही. दुसऱ्या वर्षी आलेल्या ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’मध्ये तर गुन्हाच दुसऱ्याच्या घरी गेला. गरीब मॉलची जमीन हवी म्हणून त्याला चेटूकवाला ठरवून फासावर देणारा कर्नल त्याने रंगवला, फासाखालचा सारा गुडचा शाप मॉलच्या तोंडी दिला, आणि कर्नलला आडनाव दिले पिंचन. हे खरे, नांदते आडनाव होते. त्या घराण्यातल्या एका सद्गृहस्थाने चिडून पत्र लिहिले, आणि लेखकाला खुलासा करावा लागला. स्वतःच्या पूर्वजांचे पाप परक्याच्या खाती मांडल्यावर दुसरे काय होणार? (आजचे कादंबरीकार टॉमस पिंचन याच घराण्यातले.) कादंबरीत हरवलेले एक जुने कागदपत्र आहे: मूळ रहिवाशांनी मेन प्रांतातली अफाट जमीन पिंचनांना लिहून दिल्याचे. हॅथॉर्नांच्या घरातही अशाच हरवलेल्या कागदाची आख्यायिका होती. लेखक त्या कागदाच्या लोभाची थट्टा करतो. कागदावर अंगठा उठवणाऱ्यांचे काय झाले, तिकडे मात्र तो वळत नाही.

आणि गुलामगिरी? १८५२मध्ये त्याने आपला कॉलेजमित्र फ्रँकलिन पिअर्स याचे निवडणुकीसाठी चरित्र लिहिले. गुलामगिरी हे अरिष्ट माणसांच्या खटपटीने जाणारे नव्हे, ईश्वरी योजनेत ते वेळ येताच आपोआप विरून जाईल, असा त्यातला सूर आहे. पिअर्स राष्ट्राध्यक्ष झाला आणि हॉथॉर्नला लिव्हरपूलच्या वकिलातीतली घसघशीत मिळकतीची जागा मिळाली. दीडशे वर्षांपूर्वीच्या बायकांसाठी ज्याचे काळीज तुटत होते, त्याला त्या घडीला साखळदंडात असलेल्या माणसांबाबत घाई वाटत नव्हती. चाबूक तोच होता. फक्त पाठ दुसऱ्या रंगाची होती. यादवी युद्धात, १८६२मध्ये, एका लेखात तो अडखळत त्या जागी पोहोचतो. प्युरिटनांना आणणाऱ्या ‘मेफ्लॉवर’ जहाजानेच पुढच्या फेरीत गुलाम आणले, म्हणजे दोघे एकाच उदरातून जन्मले, असे तो लिहितो. हा तपशील इतिहासात टिकत नाही, पण लेखकाच्या मनात हिशेबाची नवी ओळ सुरू झाल्याचे तो सांगतो. ती पुरी करायला वेळ उरला नव्हता. मे १८६४मध्ये, पिअर्सबरोबर प्रवासात असताना तो झोपेत गेला.

लिव्हरपूलच्या वर्षांत त्याला दुसरेही एक वेड लागले होते: इंग्लंडमध्ये आपले मूळ गाव शोधण्याचे. एखाद्या जुन्या चर्चच्या आवारात आपल्या नावाची शिळा सापडावी, असे त्याने टिपणवहीत लिहिले आहे. ती सापडली नाही. लँकशरमधल्या स्मिथिल्स हॉल या वाड्यात दगडावर उमटलेले रक्तासारखे पाऊल मात्र त्याला दाखवण्यात आले. पूर्वजांचा वाडा शोधत परत आलेल्या अमेरिकन वंशजाची कथा त्याने त्यावर रचायला घेतली, पुनःपुन्हा घेतली, आणि एकदाही संपवली नाही. बर्कशरचा पत्ता त्याच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी, हेन्री वॉटर्स या संशोधकाला जुन्या मृत्युपत्रांत सापडला.

सातव्या पिढीत तिघे. थोरली ऊना तरुणपणीच इंग्लंडमध्ये वारली. मधला ज्यूलियन, १८४६चा. बापाच्या नावावर कादंबऱ्या खपवल्या, वृत्तपत्रांत लिहिले, आईबापांचे दोन खंडी चरित्र लिहिले. १८९७मध्ये ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकाने त्याला हिंदुस्थानात धाडले. आदल्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग निघाला होता आणि मध्य प्रांतात दुष्काळ होता. दोन्ही पाहून त्याने लिहिले. प्लेगच्या भीषणतेवरचा त्याचा लेख जुलै १८९७च्या अंकात आला. जूनच्या २२ तारखेला पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. विल्यमच्या काळात नॉमकीग साथीने ओस पडले, तेव्हा तो ईश्वराने आपल्याला दिलेला कौल आहे, असे प्युरिटन म्हणत. त्याचा सातवा वंशज दुसऱ्या इंग्रजी वसाहतीतल्या साथीच्या बातम्या शब्दागणिक विकत होता. हाही एक प्रवासच म्हणायचा.

पुढे हाच ज्यूलियन कॅनडातल्या खाणींचे शेअर टपालाने विकू लागला. माहितीपत्रकावर हॉथॉर्न हे आडनाव, आणि जमिनीत म्हणण्यासारखे काही नाही. आडनाव पाहून लोकांनी पैसे गुंतवले. १९१३मध्ये त्याला एक वर्ष आणि एक दिवस कैदेची शिक्षा होऊन अटलांटाच्या तुरुंगात पाठवण्यात आले. घराण्यातल्या दोन मॅजिस्ट्रेटांनंतर हा पहिला कैदी. बाहेर आल्यावर त्याने ‘द सबटरेनियन ब्रदरहुड’ हे तुरुंगावरचे पुस्तक लिहिले. कैद ही शिक्षाच रद्द करा, असे त्याचे म्हणणे. स्वतःच्या गुन्ह्याविषयी तो त्यात निर्दोषपणाचा आव आणतो, पण तुरुंगाविषयी खोटे बोलत नाही.

धाकटी रोझ, १८५१ची. एकुलता मुलगा लहानपणी गेला, संसार मोडला. १८९१मध्ये ती कॅथलिक झाली. १६३४मध्ये याच सेलममध्ये एन्डिकॉटने इंग्लंडच्या ध्वजातला क्रूस पोपची खूण म्हणून तलवारीने कापून टाकला होता. त्या गावच्या घराण्यातली लेक रोमला मिळाली! १८९६मध्ये, भाऊ हिंदुस्थानला निघण्याच्या जरा आधी, तिने न्यू यॉर्कच्या गरीब वस्तीत खोल्या घेतल्या आणि बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरच्या रोग्यांची सेवा सुरू केली. कॅन्सर संसर्गाने पसरतो, असा तेव्हा समज होता. दवाखाने अशा रोग्यांना बाहेर काढत आणि घरमालक खोली देत नसत. तिचा नियम एकच: रोग्याकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून पैसा घ्यायचा नाही. १९००मध्ये ती जोगीण झाली आणि मदर मेरी अल्फॉन्सा हे नाव घेतले. म्हणजे ज्या आडनावाची एवढी चर्चा, ते तिने सरळ उतरवून ठेवले. तरी तिच्या आश्रमाच्या गावाला लोकांनी हॉथॉर्नच नाव दिले. १९२६मध्ये ती गेली. तिचा पंथ आजही फुकट सेवा करतो. आई आणि बहीण यांचे लंडनमधले अवशेष २००६मध्ये अमेरिकेत आणून काँकर्डला नॅथॅनिएलशेजारी पुरले गेले, त्यातही याच जोगिणींचा पुढाकार होता.

भावाने नाव बाजारात आणले, बहिणीने टाकले, बापाने त्याला एक अक्षर जोडले. या तिघांत फेड कोणी केली, असे विचाराल तर मी रोझचे नाव घेईन. पण तिने पूर्वजांसाठी काही केले असे ती कधी म्हणाली नाही, हेही सांगावे लागेल. प्रतिनिधी म्हणून शरम पत्करणाऱ्या बापाचे वाक्य अजरामर झाले. लेक रोज सकाळी जखमा धूत होती. दोन्ही कामे एकाच मापाने मोजू नयेत हे खरे, तरी मोजल्याशिवाय राहवत नाही.

हे सगळे पुराव्यानिशी सांगता येते, कारण हॅथॉर्नांना वंश होता, आणि त्या वंशात लिहिणारे होते. सेलमच्या खटल्यांत दोषी ठरलेली एलिझाबेथ जॉन्सन ही तरुण मुलगी फाशीतून वाचली, पण तिच्यावरचा दोष निघाला नाही. १७११च्या यादीत तिचे नाव नव्हते, आणि पुढच्या सगळ्या दुरुस्त्यांतही ते राहून गेले. तिला मूलबाळ झाले नाही, त्यामुळे तिच्या वतीने अर्ज करणारा वारस कोणी नव्हता. अखेर नॉर्थ अँडोव्हरच्या एका शाळेतल्या आठवीच्या मुलांनी नागरिकशास्त्राच्या तासाला तिचे प्रकरण हाती घेतले, आणि २०२२मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तिला निर्दोष ठरवले. त्या मुलांचे आणि तिचे काहीही नाते नव्हते.